थंड होईपर्यंत प्लग काढू नये

१

गेम खेळायला प्रोजेक्टर घेणारं गिऱ्हाईक आधी पडदा केवढा होईल ते विचारतं, मग उजेड किती पडेल ते विचारतं, आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे ते विचारतच नाही. ते मला सांगावं लागतं. तुम्ही बटण दाबल्यापासून पडद्यावरचा माणूस हलेपर्यंत जो वेळ जातो त्याला लॅग म्हणतात. सिनेमा बघताना तो कळतसुद्धा नाही. खेळताना मात्र तेवढ्यात तुम्ही मेलेले असता.

लॅग मोजायची आमची पद्धत अगदी साधी आहे. संगणकावर धावतं घड्याळ लावायचं आणि तेच चित्र एका छोट्या मॉनिटरवर आणि प्रोजेक्टरच्या पडद्यावर एकदम सोडायचं. दोन्ही घड्याळं एका फोटोत पकडायची. पडद्यावरचं घड्याळ जेवढं मागे, तेवढा लॅग. त्यानंतर दिवा तापू द्यायचा आणि गप्प बसून पंखा ऐकायचा. दिव्याच्या प्रोजेक्टरला पंखा लागतोच आणि खेळणाऱ्याच्या डोक्याशी तो तासन्‌तास चालणार असतो. आमच्या दुकानाच्या डेमो रूममध्ये भरदुपारीही मिट्ट काळोख असतो. भिंतींना जाड फोम, त्यावर काळं कापड. आत शिरलं की माझे कान आपोआप टवकारतात.

अशाच एका दुपारी भावोजींचा फोन आला.

"अगं, तुझ्याच लाइनीतलं काम आहे. गेमिंगसाठी एक छानसा प्रोजेक्टर बघून दे ना. आतली खोली नुसती रिकामी पडलीये. म्हटलं, तिथे आपलं थिएटर करावं."

आतली खोली म्हणजे ताईची झोपायची खोली. ताई जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज मी लोण्यासारखा मऊ ठेवला.

"देते ना, भावोजी. तुम्हाला शोभेल असाच देते."

२

माझ्या ताईला दमा होता. दम लागला की तिला हाक मारता यायची नाही, म्हणून ती पलंगाच्या उशाकडची भिंत वाजवायची. बोटांच्या सांध्यांनी तीनदा, टक टक टक. भिंतीपलीकडे बैठकीची खोली, तिथे सोफा, आणि सोफ्याशेजारच्या टेबलाच्या खणात तिचा पंप. पंप तिच्या उशाशी का नाही, म्हणून मी एकदा तिच्याशी भांडले होते. एक तिच्या पर्समध्ये असायचा, तो बहुतेक वेळा संपलेला. भरलेला मात्र ह्यांच्या हाताशी हवा, म्हणाली, म्हणजे ह्यांना धावाधाव नको.

ताई गेली त्या दुपारी भावोजी सोफ्यावर बसून खेळत होते. कानांवर हेडफोन होते, काही ऐकू आलं नाही, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, आईला सांगितलं, मलाही सांगितलं. सांगताना ढसाढसा रडले. आईने लेक गमावली होती, पण त्यांच्या पाठीवरून हात तिनेच फिरवला.

शेजारच्या काकूंनी मात्र मला जिन्यात गाठलं. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत ताईच्या घराला लागून आहे.

"टकटक मला ऐकू आली गं," त्या कुजबुजल्या. "आणि त्याचं ओरडणंही. 'एक मिनिट!' म्हणाला. 'हे मध्येच थांबवता येत नाही!' परत टकटक झाली. परत म्हणाला, एक मिनिट. मला वाटलं, नवरा-बायकोचं नेहमीचं काहीतरी असेल."

हे आईसमोर सांगा म्हटलं, तर काकूंनी कानांवर हात ठेवले. आपण कशाला दुसऱ्याच्या संसारात, म्हणाल्या. आता कसला संसार, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. आपल्याला ऐकू आलं होतं, हे त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तोंडावर मी त्याला भावोजी म्हणते, अहोजाहो करते. मनात तो 'तो'च आहे. इथेही यापुढे 'तो'च म्हणते.

३

त्याच्यासाठी दोन प्रोजेक्टर काढले. एक लेझरचा, पडद्याच्या पायथ्याशी ठेवायचा, चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागेल इतका शांत. दुसरा जुन्या धाटणीचा, दिव्याचा, कुठल्याशा गिऱ्हाइकाने महिन्याभरात परत आणून टाकलेला. का परत केला, तर म्हणे आवाज येतो. आमच्याकडे परत आलेला माल पुन्हा तपासूनच विकतात, म्हणून मी तो डेमो रूममध्ये लावला.

लॅग जवळजवळ नव्हताच. फोटोत दोन्ही घड्याळं हातात हात घालून उभी होती. दुकानात इतका चपळ दुसरा नसेल. खूश होऊन मी घड्याळ बंद केलं आणि पंखा ऐकायला बसले.

पंखा एका सुरात चालायला हवा. हा आत ओढत होता. ओढताना बारीक शिट्टी वाजायची. मग क्षणभर अडकायचा. मग हळूहळू सोडायचा. जिना चढून आलेली ताई दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची आणि 'काही नाही गं, थांब जरा' म्हणायची, त्याच्या आधी असंच व्हायचं. अगदी असंच.

मी खोलीतला दिवा लावला. धूळ असेल, बेअरिंग घासलं असेल. माणसाच्या मनात असतं ते कानाला ऐकू येतं, एवढं मलाही कळतं. मी ढापण्याला बोलावलं. ढापण्या म्हणजे आमचा दुरुस्तीवाला. जाड भिंगांमुळे सगळे त्याला ढापण्या म्हणतात आणि तोही त्या नावाला ओ देतो.

"पंखा आहे," तो म्हणाला. "पंख्यासारखा वाजतोय."

"शिट्टी नाही येत?"

"मला तर नाही येत बुवा."

तरी माझ्या आग्रहाखातर त्याने यंत्र उघडलं, धूळ काढली आणि शेवटी पंखाच बदलला. कोरा, खोक्यातला. झाकण लावून चालू केलं. आत ओढलं, शिट्टी वाजली, अडकलं, सोडलं.

मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि बाहेर काउंटरवर येऊन ऐकला. रेकॉर्डिंगमध्ये साधी, सपाट घरघर होती. माझा जीव भांड्यात पडला. स्वतःवर हसूच आलं. ढापण्याने मोबाइल कानाला लावला.

"पंखा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण भिंत कोण वाजवतंय?"

"काय?"

"हे काय, ऐक ना. तीनदा. परत तीनदा."

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. मला नुसती घरघर ऐकू येत होती. डेमो रूमच्या भिंतींवर हातोडा मारला तरी आवाज येणार नाही, तेवढ्यासाठीच तर फोम लावलाय. हे ढापण्यालाही ठाऊक होतं. त्याने चष्मा नाकावर वर ढकलला, शेजारच्या दुकानात काही ठोकाठोकी चालली असेल म्हणाला आणि चहाला निघून गेला.

मी घाबरले होते, हे कबूल करते. पण त्या भीतीच्या शेजारी दुसरंही काहीतरी हलत होतं. कोणाही शहाण्या माणसाने त्या खोलीसाठी लेझरचा दिला असता. मी लेझरचा पुसून फडताळावर ठेवला आणि दिव्याचा खोक्यात भरला.

४

दिव्याच्या प्रोजेक्टरला पडद्यापासून ठरावीक अंतर लागतं. चित्र तिरकं पडलं की ते सरळ करायला यंत्राला जास्त डोकं चालवावं लागतं आणि लॅग वाढतो. म्हणून तो सरळ समोर, योग्य उंचीवरच लावायचा. त्याच्या घरी मी टेप धरून मोजलं. त्या खोलीत त्याची योग्य जागा एकच निघाली, जिथे ताईच्या पलंगाचं उशी ठेवायचं टोक होतं ती भिंत.

पलंग नव्हता. पडदे जाड आणि नवे होते. भिंतीवर एका जागी रंग खरवडल्यासारखा झाला होता. वर्षानुवर्षं बोटांचे सांधे लागून झालेला तो डाग मी ओळखला. त्याने ओळखला की नाही, कोण जाणे. त्या डागाच्या वर मी ब्रॅकेट ठोकलं, फळी बसवली, फळीवर यंत्र ठेवलं. खाली त्याची मोठी खुर्ची. पंख्याची जाळी बरोबर त्याच्या कानामागे आली.

"थोडा आवाज करतो नाही हा?" खुर्चीत बसून तो म्हणाला.

"हेडफोन घाला ना, भावोजी. मग कुठे काय ऐकू येतं?"

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवत होते, साळसूदपणे. मग तो हसला.

"एकच लक्षात ठेवा. बंद केल्यावर पंखा थोडा वेळ चालतो, दिवा थंड करायला. पडद्यावर तसं लिहूनही येतं. थंड होईपर्यंत प्लग काढायचा नाही."

"हो गं बाई, किती शिकवशील!" असं म्हणत त्याने बटण दाबलं आणि लगेच हात लांबवून प्लग उपटला. धीर त्याला कधीच नव्हता.

पंखा अर्धा श्वास आत घेऊन थांबला. उरलेला अर्धा कधी येतोय याची वाट बघत मी तिथे उभी राहिले. तो आला नाही. "काय झालं?" त्याने विचारलं. काही नाही म्हणाले आणि घरी आले.

५

सुरुवातीला त्याचे खुशीचे मेसेज यायचे. मग तक्रारी येऊ लागल्या. बटण दाबलं की उशिरा होतं. चित्र अडकतं. मी घड्याळ आणि मॉनिटर घेऊन गेले, पडदे ओढले, फोटो काढला. दोन्ही आकडे सारखे.

"काही नाहीये, भावोजी."

"तू बघच." त्याने कंट्रोलर घेतला. पडद्यावरचा माणूस एका बंद दारासमोर उभा होता. त्याने बटण दाबलं. माणूस हलला नाही. त्याने पुन्हा दाबलं, कचाकचा दाबलं. माणूस दाराकडे तोंड करून, एखाद्याला कामातून उठायचा कंटाळा यावा तसा, नुसता उभा. कितीतरी वेळाने त्या माणसाने दाराकडे हात उचलला. तोवर मागून येऊन कुणीतरी त्याला मारून टाकलं होतं.

"रोज हे असं," तो म्हणाला. "मित्रांनी टीममधून काढलं मला." म्हणता म्हणता त्याला खोकला आला. तो बराच वाळला होता. डॉक्टर म्हणाले होते की छाती स्वच्छ आहे. त्याने एसी साफ करून घेतला होता, गालिचा काढून टाकला होता.

"आणि हा पंखा. हेडफोन घातले तरी ऐकू येतो. उलट जास्तच येतो."

"काय ऐकू येतं?"

"पंखाच. दुसरं काय येणार?"

"टकटक वगैरे?"

"कसली टकटक?" तो इतक्या झटकन म्हणाला की मला हसू आवरेना. मी वळून वायर गुंडाळत बसले. माझ्या लक्षात आलं की मीही पंख्याबरोबर श्वास घेतेय. आत ओढायचा, अडकायचा, सोडायचा. मी मुद्दाम श्वास मोडला आणि तो पुन्हा आपोआप जुळला.

"बदलून दे ना दुसरा एखादा," तो मागून म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात विनवणी होती.

"बिनआवाजाचा एक आहे. माल आला की कळवते."

तो लेझरचा आमच्या फडताळावर धूळ खात होता. दुसऱ्या दिवशी दुकानात आल्यावर मी तो आणखी मागे सरकवला, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. ढापण्याने ते बघितलं.

६

मग एका दुपारी फोन आला. "ये," तो म्हणाला. मध्ये शिट्टी वाजली. "आत्ता... ये."

त्याच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. बैठकीत लख्ख ऊन होतं. सोफ्याशेजारचं टेबल होतं तिथेच होतं. का कुणास ठाऊक, मी खण उघडून बघितला. ताईचा पंप आत होता, भरलेला. टाकून द्यायचंही त्याला सुचलं नव्हतं. मी खण लावला आणि आतल्या खोलीत गेले.

आधी मला वाटलं की यंत्र बंद आहे, कारण शिट्टी येत नव्हती. पंखा चालू होता. एका सुरात, खोल, निवांत, कोऱ्या पंख्याने चालावं तसा. शिट्टी खुर्चीतून येत होती. तो दोन्ही हातांनी छाती धरून बसला होता आणि आत ओढत होता, अडकत होता, सोडत होता. त्याचे ओठ काळसर दिसत होते. पडद्यावरचा माणूस दारासमोर उभा होता. प्रकाशाच्या झोतातली धूळ सावकाश फळीकडे खेचली जायची, थांबायची, परत सुटायची.

"बंद... कर," तो म्हणाला.

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. इतके दिवस पाठ केलेलं सगळं विसरले आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं होतं ना, भावोजी?"

त्याने डोळे मिटले. मान हलवली. तेवढं मला पुरेसं नव्हतं.

"तोंडाने सांगा."

"आलं... होतं. दोन्ही... वेळा. वाटलं... मॅच संपेल... आत्ता..." त्याने एक हात उचलून दाराकडे, बैठकीकडे दाखवलं. "पंप. खणात..."

एवढंच तर मला हवं होतं. मला वाटलं होतं, ते कानावर पडलं की छातीवरचा धोंडा उतरेल, मी रडेन, आईला फोन करेन. तसलं काही झालं नाही. माझी भूक उलट वाढली.

मी उठले आणि बटण दाबलं. चित्र गेलं. निळ्या पडद्यावर अक्षरं आली: थंड होत आहे. कृपया थांबा. पंखा चालूच राहिला. त्याने प्लगकडे हात लांबवला, पण हात पोचला नाही. मी भिंतीशी जमिनीवर बसकण मारली आणि वायर माझ्या मांडीवर घेतली.

"प्लग काढायचा नसतो ना, भावोजी. मी सांगितलं होतं."

तेव्हा टकटक झाली.

त्याचे दोन्ही हात छातीवर होते. माझ्या हातात वायर होती. आवाज माझ्या डोक्याच्या वरून आला, ब्रॅकेटच्या खालून. मी मान वर केली. निळ्या उजेडात, खरवडलेल्या डागाच्या जागी, भिंतीला चार उंचवटे दिसले, मुठीच्या सांध्यांमध्ये असतं तेवढ्याच अंतरावर. रंगाचा पोपडा सुटून माझ्या गालावर पडला. पडद्यावरची अक्षरं लुकलुकली आणि भिंत पुन्हा सपाट झाली.

टक टक टक.

ताईचा हात मी हजारांत ओळखेन. आणि ती काय मागतेय हेही मला कळलं. पंप मागत होती, पण स्वतःसाठी नव्हे. तिने जन्मभर त्याचीच काळजी केली, पंपसुद्धा त्याच्या सोयीने ठेवला. आताही ती त्याच्यासाठीच भिंत वाजवत होती, आणि ह्या वेळी हाक त्याला नव्हती, मला होती. बैठकीची खोली चार पावलांवर होती.

तो माझ्याकडे बघत होता. त्यालाही ऐकू येत होतं.

टक टक टक. आता जोरात, घाईने.

मला ऐकू आलं. माझ्या कानांवर हेडफोन नव्हते, काहीही नव्हतं. मी वायर मांडीवर नीट गुंडाळली आणि म्हणाले, "एक मिनिट, ताई." मोठ्याने म्हणाले, शेजारच्या काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.